शेवटची सोळा पानं

बसवेशनं नव्या पुस्तकाचं रंगीत मुखपृष्ठ सोलून काढलं, शिवायला दाभण उचललं, तेवढ्यात समोरच्या साडीच्या दुकानातली विद्याश्री वाचनालयाच्या पायऱ्या चढून आत आली. तिनं परवाच नेलेली मत्स्यकन्येची कादंबरी टेबलावर ठेवली.

"शेवट कुठाय ह्याचा?"

शाहूपुरीतल्या या वाचनालयात कुठलंही पुस्तक जसंच्या तसं कुणाच्या हाती पडत नसे. आधी शिवण, मग चिकटवायची खळ, मग जाड पुठ्ठा. वाचनालय चालवणारा बसवेश स्वतः वाचायचा तेही बांधणी झाल्यावरच. ही शिस्त मत्स्यकन्येच्या कादंबरीला भोवली. शेवटची सोळा पानं खळीत भिजली, केरात गेली, आणि त्यांत काय होतं हे त्यालाही कधी कळलं नाही. कादंबरी मात्र तुफान चालली. माणसांत राहणारी मत्स्यकन्या, कोकणातल्या शाळेत बाई म्हणून शिकवणारी, बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका अबोल माणसावर जीव जडलेली. एके दिवशी तिचे लोक तिला न्यायला येतात. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून मागं वळून बघते, आणि पुस्तक संपतं.

मग पुढचं बसवेश तोंडी सांगे. कॉलेजच्या पोरींसाठी तो त्या दोघांचं लग्न लावून देई, गल्लीतल्या बाळाबाईंसाठी वर जुळी मुलंही. डेअरीतल्या कारकुनाला रडायला आवडे, त्याच्यासाठी इंजिनवाल्याला खुशाल बुडवी. थापा मारायला त्याला मनापासून मजा यायची. छापलेल्या शेवटापेक्षा आपलाच बरा असणार, अशी त्याची खात्रीही होती.

विद्याश्रीपुढं मात्र ही मखलाशी चालणार नव्हती. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. निपाणीचा भाऊ तिला कायमची न्यायला रविवारी येणार, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बसवेशचं लग्न राहूनच गेलेलं. गल्लीतल्या बायका त्याला भाऊ मानून आण्णा म्हणत. तिनं एकदाही म्हटलं नव्हतं, आणि हे फक्त त्याच्याच ध्यानात आलं होतं. तिनं जाऊ नये असं त्याला फार वाटत होतं, पण सांगायला तोंड उघडत नव्हतं.

"पानं गेल्यात बांधताना," तो म्हणाला. "तोंडी सांगतो की."

"सांगा."

"तर, तिची माणसं तिला बोलवत असत्यात..."

"ते वाचलंय. पुढं?"

त्यानं दाभण खाली ठेवलं. बोटांवरची वाळलेली खळ खरवडत राहिला.

"पुढं त्यो पाण्यात उतरतो. हाय तसाच, कपड्यानिशी. म्हणतो, माहेर तुझं हाय, तुला अडवणारा मी कोण? पर तू हितं राहिलीस तर मला लई बरं वाटंल. एकट्यानं जेवायचा कंटाळा आलाय मला."

"असं म्हणतो?"

"म्हणतो की."

"त्यो इंजिनवाला?"

बसवेशचे कान तापले. तो उगाचच पुस्तकांचा गठ्ठा सरळ करायला लागला.

"माझ्या वहिनीकडं हाय हे पुस्तक," विद्याश्री म्हणाली. "दिवाळीतच वाचून काढलं मी. आख्खं."

"मग हितनं कशाला नेलंसा?"

"समद्यांस्नी शेवट सांगतासा म्हणं तुम्ही. मलाच कधी सांगितला न्हाईसा."

बसवेशनं सरळ केलेला गठ्ठा पुन्हा मोडला.

"मग पुस्तकात ऱ्हाती का ती?"

"न्हाय. जाती." ती बाकावर टेकली. "तिथं त्यो काठावर नुसता उभा. एक शब्द बोलत न्हाय मेला. मग काय करंल ती?"

बसवेशला हसू आलं, आणि आपण हसतोय हे लपवायचं त्याला सुचलंच नाही.

"आज भावाला फोन लावते," ती म्हणाली. "रविवारी ये म्हणते. न्यायला न्हवं. बोलणी करायला घरचं माणूस लागतंच की."