किल्लीतून उतरलेली साखर

"एकदा फ्रिज उघडून बघ," रालूमावशी कुंपणापलीकडून म्हणाली होती. "तुझ्या सासऱ्याची इन्सुलिनची पेनं जशीच्या तशी पडलीत."

मिर्सिनी हसली आणि लेकीची दुपटी वाळत घालत राहिली. गावातल्या प्रत्येक भांड्यात काय शिजतं ते रालूमावशीला ठाऊक असे, आणि त्यातलं निम्मं तिच्याच डोक्यात शिजलेलं असे. शिवाय नवरा जहाजावर. मिर्सिनी कामावर गेली की दहा महिन्यांची लेक सासऱ्यांच्याच मांडीवर. ज्याच्यावर पोर टाकून जायचं, त्याच्यावर संशय घेणं परवडत नाही.

रविवारी ऑलिव्हच्या घाण्याच्या अंगणात गर्दी मावेना. एरवी या दिवसांत लोक भाजलेला पाव ताज्या तेलात बुडवायला येतात. यंदा पावाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. जो तो घराची किल्ली मुठीत धरून रांगेत.

टेबलामागे पांढरा सदरा घालून अनेस्टिस उभा होता. परवापरवापर्यंत तो घाण्याचा चोथा ट्रॅक्टरमधून वाहायचा. आता त्याच्यापुढे पेल्यांत ऑलिव्हच्या पाल्याचं फिकट पाणी होतं.

"देह म्हणजे घर," तो सांगत होता. "डॉक्टर खिडकीतून शिरतो, म्हणून गुण येत नाही. आपण दार उघडतो."

मग तो एकेकाची किल्ली संताच्या तसबिरीवरच्या ओलसर फडक्याने पुसायचा आणि पेल्यात सोडायचा. पाणी काळंभोर. ही तुमची साखर उतरली, म्हणायचा. वर 'संताच्या झाडाचे अश्रू' तीन थेंब. पाणी पुन्हा नितळ. मग तेलाच्या डब्याच्या बदल्यात पाल्याच्या पाण्याची बाटली, आणि एक पथ्य: सुई आणि हे पाणी एका देहात नांदत नाहीत.

"माझं सोडा," त्याने गर्दीच्या कडेला उभ्या मिर्सिनीकडे बोट दाखवलं. "आपली शिकलेली सूनच म्हणाली ना, पाल्यात औषध आहे म्हणून?"

म्हणाली होती. घाण्याशेजारच्या कारखान्यात चोथ्यातून आणि पाल्यातून कडू द्रव्य काढतात, तिथे ती रसायनं तपासायची. हे द्रव्य रक्तवाहिन्यांना उपयोगी दिसतंय, शुद्ध करून, मोजून त्याचं औषध होईल का याचा अभ्यास चालू आहे, असं तिने कौतुकाने गावाला सांगितलं होतं. अनेस्टिसने त्या वाक्याचं मुंडकं तेवढं उचललं होतं.

तेवढ्यात रांगेतून सासरे पुढे आले. प्रोकोपिस. कडेवर नात, दुसरा हात आधाराला खुर्चीवर. त्यांची किल्ली गेल्याच महिन्यात बदललेल्या कुलपाची, पितळेची, कोरी. तीही पाण्यात गेली आणि पाणी काळं झालं.

मिर्सिनीने आधी लेक काढून घेतली.

"बाबा, सुई कधीपासून बंद केलीत?"

"अकरा दिवस झाले. हलकं वाटतंय गं." बोलताना त्यांची जीभ टाळूला चिकटत होती.

तिने शेजारच्या कॉफीच्या दुकानातून चमचा आणला, पाल्याच्या पाण्याच्या नव्या पेल्यात बुडवला. काही झालं नाही. तोच चमचा अनेस्टिसच्या फडक्याने पुसून बुडवला. पाणी काळंभोर. कुणाच्या तरी तळलेल्या सार्डिन माशांच्या ताटातली लिंबाची फोड वर पिळली, तर पाणी नितळ.

"फडक्यात हिराकस आहे, लोखंडाचा क्षार," ती म्हणाली. "झाडं पिवळी पडली की तुम्ही मुळाशी घालता तेच. पाल्यातला तुरटपणा आणि लोह भेटले की शाई होते. याचे अश्रू म्हणजे नुसतं आंबट; ते पडलं की शाई विरते. साखरेचा यात काही संबंध नाही."

मग अनेस्टिस शांतपणे म्हणाला, "चमचा आजारी नव्हता कशावरून?"

आणि लोक हसले. त्याच्या बाजूने हसले. एक म्हातारा म्हणाला, काही का असेना, मला तर बरं वाटतं. रांग पुन्हा सरकली.

प्रोकोपिस त्या हशातच खाली बसले. मग आडवे झाले.

मितिलिनी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात त्यांचा जीव वाचला. पायावरची जुनी जखम मात्र चिघळली होती, तिच्यापायी पायाची तीन बोटं गेली. मिर्सिनीने घरी येऊन फ्रिज उघडला. चीजच्या डब्यामागे पेनं होती, सीलसकट. रालूमावशी लेकीला थोपटत दारात उभी होती. 'सांगितलं होतं' असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

अनेस्टिस खाडीपलीकडच्या गावात गेला. फडकं नवं होतं म्हणे.

मिर्सिनीने एक कागद लिहून घाण्याच्या दारावर चिकटवला:

"पाल्यात गुण आहे. तो काढायला भट्टी लागते, गाळणी लागते, तोलून मापून घालवलेली वर्षं लागतात. किल्ली लागत नाही. पाणी काळं झालं तर आधी विचारा, कशाने झालं. जो विचारू देत नाही, त्याची बाटली घेऊ नका. आणि हे वाचून इथेच उभे राहू नका. घरी जा, आपल्या म्हाताऱ्या माणसाचा फ्रिज उघडा, पेनं मोजा, त्याच्या पायातले मोजे काढून बघा. मला हे शेजारणीने वेळेवर सांगितलं होतं. मी हसले होते."