कापलेला टेप

माणसं खोटं बोलतात, टेप बोलत नाही, या भरवशावर मी शिंपीणबाईनं तीस वर्षं कपडे बेतले. म्हणून लेकीच्या लांब उडीच्या सरावातही आकडा मीच वाचायचे. ती वाळूत टेपचं शून्याचं टोक मुठीत धरायची, मी उडी घ्यायच्या फळीपाशी. पाच मीटर तीसवर घोडं अडलेलं. निवड चाचणीला साडेपाच हवे होते, आणि पुढच्या वर्षी तिचं वय उलटणार होतं.

मग ते मनाचे सर आले. ना पाय बघायचे, ना धाव. पोरीला सामानाच्या खोलीत डोळे मिटून बसवायचे. मन खंबीर करतात म्हणे. कुठंतरी पाणी मुरतंय हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पंधरवड्यात पोरगी पाच साठ, पाच सत्तर मारायला लागली. मी खूश होते, पण संशय काही जाईना.

चाचणीच्या आदल्या दुपारी मी तो सरावाचा टेप माझ्या बेतायच्या टेबलावर पसरला. टेबल बरोबर दोन मीटरचं. टेप दाखवत होता दोन वीस. शून्याकडचा तुकडा कापून कडी परत शिवलेली, टाके बारीक, एकसारखे. भामटा शिवणकामही शिकून आला होता तर. अंगाचा तिळपापड झाला. पण ऐन वेळी पोरीला सांगू कशी? टेप गुंडाळून ठेवला.

चाचणीत पहिली उडी पाच पस्तीस. दुसरी फाऊल. एकच उरली. मी सरांना कठड्यापाशी गाठलं.

"टेप कापलात ना? माझ्या पोरीच्या जिवाशी खेळलात."

"कुठला टेप, ताई?" त्यांचा चेहरा कोरा.

पाणी प्यायला आलेल्या लेकीनं ऐकलं. "आई, टेप मी कापला."

मला ते टाके आठवले. मीच शिकवलेले.

"सरांनी विचारलं, धावताना मनात काय येतं. मी म्हटलं, आईचा उसासा. आकडा वाचायच्या आधी टाकतेस तो. सर म्हणाले, आईशी बोल. तुझ्याशी बोलायची माझी छाती होत नव्हती, म्हणून कापला. मी मनात वीस वजा करायचे. तू हसायला लागलीस आणि मागच्या आठवड्यात खरे साडेपाच झाले."

"मी उसासा टाकते?"

"आज दोन्ही वेळा टाकलास. वाळूपर्यंत ऐकू आला."

इतकी वर्षं मी सगळ्यांवर डोळा ठेवला, स्वतःवर सोडून. मी विचारलं, "आता काय करू?"

"तिकडे तोंड कर."

मी भिंतीकडे तोंड केलं. पावलं ऐकली, मग वाळू. मग बराच वेळ काहीच नाही.

"पाच त्रेपन्न," पंच म्हणाले.

तुमचा टेप नीट आहे ना, असं विचारायला मी वळले. लेक माझ्याकडेच बघत होती. मी तोंड मिटलं.