झाकणांच्या शेतातली अंगठी

पॅडिसनांच्या शेतात क्लेम बर्डेटला आजवर काय मिळालं, असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर एकच होतं: दुधाच्या बाटल्यांची चंदेरी झाकणं. एके काळी इथल्या गाईंचं दूध इथेच बाटल्यांत भरत, आणि वाया गेलेली झाकणं वाऱ्याबरोबर शेतभर जात. तरी क्लेम दर रविवारी आपलं धातू शोधायचं यंत्र घेऊन यायचा. बायको गेल्यावर घर त्याला खायला उठलं होतं, तेव्हा आर्थर पॅडिसनने हे फाटक उघडून दिलं होतं. अट एवढीच, की खणलेला खड्डा बुजवायचा. संध्याकाळी म्हातारा फाटकाशी उभा राहून विचारायचा, "बुजवलास ना रे?" मग आत चहा.

आता आर्थरही नव्हता. त्याची बायको हिल्डा शनिवारी मुलीकडे कायमची राहायला निघाली होती, आणि शेत घेणाऱ्याने यंत्रवाल्यांना आधीच नकार कळवला होता. हिल्डाची लग्नाची अंगठी मात्र अजून त्या मातीतच होती. नवी नवरी असताना मेंढ्यांना सलगम फेकता फेकता ती बोटातून निसटली होती. शोधून दे, असं ती कधी म्हणाली नाही. पण क्लेम चहाला आला की त्याच्या पिशवीत हळूच डोकवायची, आणि ते त्याच्या मनाला लागायचं.

म्हणून कापणी होताच त्याने नवं यंत्र घेतलं. जुनं नुसतंच किंचाळायचं. नवं धातूप्रमाणे पडद्यावर आकडा दाखवायचं, शिवाय नको तो आकडा गप्प करायची सोय होती. क्लेमने पहिल्याच दिवशी झाकणांचा आकडा गप्प केला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. नाणी मिळाली, पितळी बकलं मिळाली, एक सुरेख रोमन टाचणीही मिळाली. अंगठीचा मात्र पत्ता नाही.

शुक्रवारी यंत्रवाल्यांच्या क्लबातली नेस्टा मदतीला आली. तिने पडद्यावर नजर टाकली आणि कपाळाला हात लावला.

"झाकणं बंद केलीस?"

"पाठ मोडते गं खणून खणून."

"अरे, बारीक सोन्याची अंगठी आणि झाकण, दोन्हींचा आकडा जवळपास एकच येतो. एवढे महागाचे कान विकत घेतलेस, ते बोळे घालायला?"

सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. क्लेमला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सुखापुढे विसरला होता. त्याने गप्प केलेला आकडा पुन्हा बोलता केला, तसं अख्खं शेत ओरडू लागलं. मग दोघं धसकटांत गुडघे टेकून झाकणामागून झाकण उपसत राहिली. नेस्टा कुरकुरत होती, पण उठली नाही. दुपार कलताना एका ढेकळातून जे बाहेर आलं, ते चंदेरी नव्हतं.

क्लेम यंत्र, फावडं, सगळं टाकून घराकडे पळाला.

हिल्डा खोकी बांधत होती. तिने अंगठी नळाखाली धुतली, बोटात घालून पाहिली. सुजलेल्या पेराच्या पुढे ती जाईना. तिथेच तिने ती राहू दिली. मग तिची नजर क्लेमच्या रिकाम्या हातांवर गेली.

"क्लेम, खड्डा बुजवलास ना रे?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो बुजवायचा राहिला होता. तो शाळकरी पोरासारखा उभा राहिला.

"चल," म्हणत तिने आर्थरचे गमबूट पायांत चढवले आणि आपली काठी घेतली.

वाटेत क्लेमला राहवलं नाही. "मिसेस पॅडिसन, तेव्हा आर्थरने फाटक उघडलं नसतं, तर माझं काही खरं नव्हतं. तुमचे फार उपकार आहेत."

"त्याला माहीत होतं ते," ती म्हणाली. "खड्ड्याचं निमित्त रे. तू धड घरी निघालास का, ते बघायला उभा राहायचा तो."

नेस्टाने खड्डा तसाच ठेवला होता. हिल्डाने काठी नेस्टाच्या हातात दिली, वाकून दोन्ही हातांनी माती आत लोटली आणि बुटाने दाबली. मग तिने रिकाम्या फाटकाकडे पाहिलं.

"बुजवला रे, आर्थर," ती म्हणाली.