दहा मिनिटांचा गारवा

मित्रांनो, मी एक जुनी बर्फपेटी आहे. माझं झाकण एके काळी लालभडक होतं, ॲरिझोनाच्या उन्हाने ते आता मळकट गुलाबी झालं आहे. एक बिजागरी तुटली आहे. आत आता बर्फ नाही, जुन्या बरण्या आहेत. माझी कीव करू नका. मी काय केलं ते आधी ऐका.

एका कारखान्यात दोन प्लास्टिकच्या भिंतींच्या मधे फेस भरून मला घडवलं. आन्सेल्मो तांब्याच्या खाणीत अवजड ट्रक चालवायला लागला, त्याच आठवड्यात त्याच्या बायकोने, देल्फिनाने, मला विकत आणलं. एकतीस वर्षं मी त्याचा डबा वाहिला. घेवडा भरलेल्या गुंडाळलेल्या पोळ्या, कलिंगडाच्या फोडी, गार पाणी. भर उन्हाळ्यात खाणीतले लोक माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "आन्सेल्मो, मेलास तर ही पेटी माझ्या नावावर करून जा रे!" तेव्हा माझी छाती फुगायची. थंड ठेवणं एवढंच मला येत होतं, आणि ते मी चोख करत होते.

त्यांच्या स्वयंपाकघरामागच्या कुंपणाच्या भिंतीत एक सरडा राहायचा. वीतभर लांब, काटेरी खवल्यांचा, गळ्याशी काळा पट्टा. देल्फिनाने त्याचं नाव लाचो ठेवलं होतं. सकाळी भिंतीवर येताना तो गारठून काळपट दिसायचा, ऊन अंगात मुरलं की पिवळा-हिरवा उजळायचा. "उठले आमचे साहेब," ती म्हणायची आणि त्याला अळ्या टाकायची. मग तो पुढच्या पायांवर जोर काढायचा. ती आन्सेल्मोला चिडवायची, "बघ म्हाताऱ्या, शिक काहीतरी! तुझ्याच्याने दोन तरी होतील का?"

पुढे देल्फिनाला विसर पडू लागला. मीठ कुठे ठेवलंय ते विसरली, मग मुलीचं नाव विसरली. शेवटी तिला वृद्धांच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. आन्सेल्मो दर रविवारी माझ्यात कलिंगड भरून तिच्याकडे जायचा. ती त्याच्याकडे पाहुण्याकडे पाहावं तशी पाहायची. फक्त एक प्रश्न मात्र चुकला नाही. "लाचो जेवला का?" नवरा-बायकोमधे तेवढाच एक धागा उरला होता.

म्हणून त्याने एक कॅमेरा घेतला आणि लाचोचा फोटो काढला. फोटो वाकडा होता, शेपटीवर काटकी आली होती, मागे पाण्याची नळी दिसत होती. देल्फिनाने तो छातीशी धरला. "हा बघ, चोरटा! म्हाताऱ्या, तू काढलास?" कितीतरी दिवसांनी तिने त्याला म्हाताऱ्या म्हटलं. तो खिडकीकडे तोंड करून रडला.

मित्रांनो, इथेच थांबायला हवं होतं. पण कौतुकाची चटक वाईट. तोच फोटो घेऊन तो गावातल्या छायाचित्र मंडळात गेला. मंडळ दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी वाचनालयात जमायचं, आणि सरबताच्या बाटल्या भरून मीही तिथे असायचे. मोठ्या पडद्यावर फोटो लागायचे आणि मंडळाच्या परीक्षक विनिफ्रेडबाई त्यांचे दोष सांगायच्या.

"आन्सेल्मो, तुम्ही सरड्याकडे मालकासारखे वरून बघताय. गुडघे टेका. त्याच्या डोळ्याला डोळा भिडला पाहिजे. आणि ती नळी! फोटो सरड्याचा आहे की बागेचा?"

सगळे हसले, आन्सेल्मोही हसला. दुसऱ्या दिवशी त्याने नळी गुंडाळली आणि सत्तरीतले गुडघे खडीवर टेकले. पुढच्या महिन्यात बाई म्हणाल्या, ऊन डोक्यावर असताना काढू नका, सकाळचं तिरपं ऊन घ्या. मग म्हणाल्या, काटकी काढा. त्याने भिंतीलगतचं अख्खं झुडूपच कापून टाकलं. खोटं कशाला बोलू, फोटो सुधारत होता. बाईंच्या सल्ल्यात खोट नव्हती. खवला न् खवला मोजता येऊ लागला. रविवारी मात्र तो देल्फिनाला लाचोबद्दल कमी आणि उजेडाबद्दल जास्त सांगायचा, आणि ती कंटाळून कलिंगड खात राहायची.

एप्रिलमधे बाई म्हणाल्या, "नाक स्पष्ट आहे, डोळा नाही. अजून सहा इंच जवळ जा. एवढं जमवलंत, तर वर्षाचं पहिलं बक्षीस तुमचंच."

"पळतो हो तो," आन्सेल्मो म्हणाला.

बाहेर गाडीपाशी मंडळातल्या हार्लनने त्याला गाठलं. माझ्याकडे बोट दाखवून तो हळूच म्हणाला, "ही आहे ना तुझ्याकडे? दहा मिनिटं ठेव त्याला आत. दगडासारखा बसून राहील. सगळेच करतात, बोलत कोणी नाही."

"त्याला काही होणार नाही ना?"

"अरे, सरडा आहे तो. उन्हात ठेवलास की परत टुणटुणीत."

शनिवारी सकाळी आन्सेल्मोने अळी दाखवली. लाचो ओळखीच्या हाताकडे विश्वासाने आला आणि पकडला गेला. माझ्यात बर्फ होता, त्यावर फडकं, फडक्यावर लाचो. झाकण लागलं. आधी त्याची नखं माझ्या भिंतीवर खरवडली, मग हळूहळू थांबली. मला उघडता येत नाही, ओरडता येत नाही. मला फक्त थंड ठेवता येतं. मी ठेवलं.

त्याला बाहेर काढून कुंपणाजवळच्या दगडावर बसवलं, तेव्हा तो काळाठिक्कर पडला होता. आन्सेल्मो चार बोटांवर कॅमेरा नेऊन फोटो काढत होता. लाचो हलला नाही. मग आन्सेल्मो सावलीत गेला आणि डोळा स्पष्ट आलाय का ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघू लागला. आला होता. तेवढ्यात जमिनीवरून धावणारा लांब शेपटीचा पक्षी, रोडरनर, भिंतीमागून आला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. कुंपण दोन हातांवर होतं, पण लाचोला तेवढंही धावता आलं नाही. लपायला झुडूपही नव्हतं. आन्सेल्मोने मान वर केली तेव्हा दगड रिकामा होता.

फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. "काय तो गहिरा रंग! आणि डोळा पाहा, किती जिवंत!" विनिफ्रेडबाई म्हणाल्या. हार्लनने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

बक्षिसानंतरच्या रविवारी मी कलिंगड घेऊन देल्फिनाच्या पलंगाशी होते. आन्सेल्मोने चौकटीतला फोटो तिच्या मांडीवर ठेवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने बोटांनी काच चोळायला सुरुवात केली, थंडीत मुलाचे हात चोळावेत तशी.

"काळा पडलाय हा," ती म्हणाली. "गारठलाय. कोणी ठेवलं याला थंडीत? उन्हात ने रे त्याला."

आन्सेल्मोने फोटो परत घ्यायला हात पुढे केला.

"ऐकू येत नाही का? तू नको. माझ्या म्हाताऱ्याला बोलाव. तो नेईल."

मित्रांनो, त्या दिवशी कलिंगड तसंच माझ्यात राहिलं आणि नासलं. आन्सेल्मोने मला अडगळीत टाकलं ते बरंच केलं. तुम्ही चित्र काढाल, फोटो काढाल, लोक चुका सांगतील, त्या जरूर सुधारा. पण जो तुमच्या हाताकडे भरवशाने येतो, त्याला माझ्यासारखीच्या हवाली करू नका. माझं झाकण आतून उघडत नाही.