रिकाम्या गाडीचं माप

“अजून डावीकडे. अजून. हं, आता धरून ठेव.”

मी स्टीअरिंग पूर्ण डावीकडे दाबून धरलं. ह्यांचा आवाज पुढच्या चाकामागून, मडगार्डच्या पोकळीतून येत होता. मला गाडी चालवता येत नाही, कधीच आली नाही. पण आमच्या टायरच्या दुकानात ड्रायव्हरच्या जागेवर बसून मी इतक्या गाड्यांची स्टीअरिंगं फिरवली, की तेवढ्या कष्टात पृथ्वीप्रदक्षिणा झाली असती. लग्नानंतरचं आमचं निम्मं बोलणं असं पत्र्याआडूनच झालं.

“काकू, आता तुम्हीच न्या गाडी,” मधवाला बाहेरून म्हणाला. “मी मागे पेट्यांजवळ बसतो.”

“तुझ्या माश्या मला ओळखत नाहीत रे बाबा.”

मधवाला म्हणजे मधमाश्यांच्या पेट्या घेऊन डोंगरात फुलांमागे हिंडणारा माणूस. त्याची पिकअप दणकट होती, पण डोंगरातल्या चाकोऱ्यांत तिचं पोट दगडांना घासायचं. म्हणून त्याला मोठे टायर हवे होते. खालचे स्प्रिंगचे पाटे मात्र कंपनीचेच ठेवायचे होते. कडक पाट्यांनी हिसके बसतात, माश्या पिसाळतात, असं त्याचं म्हणणं.

“उंटावर बसायची हौस आली म्हणायची,” हे म्हणाले. “मीटर आता खोटं बोलेल, ध्यानात ठेव. काटा साठ म्हणेल तेव्हा गाडी पासष्टला असेल.”

“बायकोला काटाच दाखवीन, मास्तर.”

बाजारात ह्यांना खडूमास्तर म्हणत. मोठा टायर चढवला की हे त्याच्या कडेला जाड खडू फासायचे आणि मला स्टीअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवायला लावायचे. मडगार्डला आतून पांढरं लागलं, तर टायर घासतोय. पण ती नुसती अर्धी परीक्षा. गाडी रिकामी असताना चाक मोकळं फिरतं. माल भरला की पाटे दबतात, गाडी खाली बसते, आणि रिकामेपणी दिसणारी चार बोटांची जागा कुठल्या कुठे जाते. म्हणून भिंतीशी वाळूची बारा पोती कायम रचलेली असत. ती मागे टाकायची, खडबडीत वाटेवर चाक उचललं जातं तसं ते उचलायला पुढच्या एका चाकाखाली लाकडी ठोकळा द्यायचा, की पुन्हा खडू, पुन्हा स्टीअरिंग. त्याशिवाय ह्यांनी एकही गाडी दाराबाहेर जाऊ दिली नव्हती.

“स्वच्छ आहे,” हे मडगार्डखालून निघत म्हणाले. “घे गाडी.”

मी जागेवरच बसून राहिले. पोती पडली की सीट अंगाखाली जराशी मागे कलते. मी त्या कलण्याची वाट पाहत होते. ह्यांनी हात पुसले, मधवाल्याच्या पाठीवर थाप मारली.

“उद्या पहाटे निघतोय. ऐंशी पेट्या,” तो म्हणाला. “लेकीला शाळेची सुट्टी आहे. राणीमाशी बघायची म्हणून मागे लागली आहे.”

मी खाली उतरले. गाडी कोपऱ्यावरून वळून गेली.

गेलं वर्षभर मी हेच करत होते, गप्प बसणं. पहिल्यांदा एका गाडीचे नट सैल राहिले, तेव्हा हे चहाला गेल्यावर मी पाना घेऊन ते आवळले. मग ती रीतच पडली. ह्यांनी घट्ट केलेलं चाक मी मागाहून पुन्हा घट्ट करायची. त्या सकाळीच ह्यांनी मधवाल्याला दोनदा विचारलं होतं, “कुठून आलात?” तो थट्टा समजून हसला. सोळा वर्षांचं गिऱ्हाईक ते. दूर राहणारा मुलगा फोनवर विचारायचा, बाबा कसे आहेत, आणि मी म्हणायची, मजेत. एका घरात, एका ताटापलीकडे बसलेल्या माणसाबद्दलची गोष्ट एकटीनेच जाणायची, हे किती जड असतं ते कुणाला सांगायची सोय नव्हती. ज्यांना सांगायचं, ते हेच तर होते.

पण नट मागाहून आवळता येतात. पोती मागाहून टाकता येत नाहीत.

दुपारी जेवून हे आतल्या खोलीत आडवे झाले. मी दुकानात फोनजवळ बसले. मधवाल्याला गुपचूप सांगावं, दुसऱ्या कुणाकडून एकदा बघून घे. ह्यांना कळायचंही नाही. नंबर निम्मा फिरवला आणि थांबले. उद्या बाजारभर होईल, मास्तरांची बायको मास्तरांच्या कामावर दुसऱ्याची नजर मागते. ठेवून दिला. मग डोळ्यांपुढे डोंगराचा उतार आला, भरलेली गाडी, वळणावर चाक मडगार्डला धरतंय, आणि शेजारच्या सीटवर ती पोरगी.

मी आत गेले. “अहो, उठता का जरा?”

“काय गं, गिऱ्हाईक आलंय?”

“मधवाल्याच्या गाडीत पोती टाकायची राहिली.”

“टाकली होती की.”

“नाही टाकली.”

“अगं, मी स्वतः उचलली. तुला काय कळतंय, तू तर वर बसलेली.”

“वर बसलेली, म्हणूनच कळलं.”

हे तरातरा दुकानात गेले, मी मागोमाग. भिंतीशी बाराही पोती होती. वरच्या पोत्यापासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं होतं, अखंड, त्यात धूळ अडकलेली. हे त्या जाळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“तू तिथंच का नाही बोललीस?”

“त्याच्यासमोर?”

“त्याच्यासमोरच. गाडी त्याची होती.”

“आणखी काय काय झालंय?” त्यांनी विचारलं. मी नटांचं सांगितलं. कधीपासून, तेही सांगितलं. हे ऐकत होते, दुसऱ्याच कुणाच्या आजाराची हकिगत ऐकावी तसे. शेवटी म्हणाले, “म्हणजे वर्षभर दुकान तू चालवतेस, आणि मला पत्ता नाही. नंबर काढून दे त्याचा.”

फोनवर ते उभे राहून बोलले. “मी बोलतोय. रिकाम्या गाडीचं माप देऊन पाठवलं तुला. चूक माझी. पेट्या चढवू नकोस, आधी इकडे ये.”

ऊन उतरायच्या आत तो आला. त्याने आणि ह्यांनी मिळून पोती टाकली. सहाव्या पोत्यानंतर ह्यांना धाप लागली. मधवाला म्हणाला, “मास्तर, राहू द्या, मी टाकतो,” तर हे म्हणाले, “तू सहा टाक, मी सहा टाकतो.” ठोकळा चाकाखाली गेला, टायरला पुन्हा खडू लागला. मी वर चढून बसले. सीट कलली.

“डावीकडे.”

मी फिरवलं. टोकाला जायच्या आधीच हाताला काहीतरी अडलं, आणि खालून रबर घासल्याचा लांब आवाज आला.

हे वाकले, दिवा आत धरला आणि मधवाल्याला बोलावलं. “बघ. स्वतः बघ.” मडगार्डच्या आत हातभर पांढरा पट्टा उमटला होता, टोकाला पत्र्याची धार टायरमध्ये रुतलेली. मधवाल्याने त्या धारेवरून बोट फिरवलं.

“या पाट्यांवर हे टायर नाही चालायचे,” हे म्हणाले. “तुझे जुने चढवतो. दगड बघून चालव.”

जुने टायर चढले. शेवटी ह्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि मधवाल्याला मोठ्याने सांगितलं, “नट ह्या आवळतील. माझ्यावर विसंबू नकोस. इथून पुढे कुणीच विसंबू नये.” मी एकेक नट आवळत गेले. दोघे पुरुष बाजूला उभे राहून बघत होते, आणि त्यातला एक रुमालाने उगीचच बोटं पुसत होता.

मग जड कामं आम्ही सोडून दिली. पंक्चर आणि हवा, एवढंच मी बघायची. हे सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दुकानाबाहेरच्या बाकावर येऊन बसायचे. आधी बाजारातल्या लोकांची नावं गेली, मग रस्ते गेले. माझं नाव बरंच टिकलं. निदान मला तसं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी फुलांचा हंगाम संपल्यावर मधवाला आला. बरोबर लेक होती, डोक्याने त्याच्या खांद्याला लागलेली. मी आत हवेच्या नळीशी होते, तिथून दिसत होतं. हे त्याला बघून अदबीने उठून उभे राहिले, अनोळखी माणसासाठी उठतात तसे.

“या. कुणाकडे आलात?”

“तुमच्याकडेच आलोय, मास्तर.”

ह्यांनी मागे वळून पाहिलं. मागे नुसतं दार होतं. क्षणभर ते त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिले. मग बाकाच्या अगदी कडेला सरकून बसले आणि मधवाल्याला म्हणाले, “बसा तुम्ही. येतीलच मास्तर एवढ्यात.”