धाकटीचं डॉगवुड

शिडी भिंतीला लागली तशी धाकटी बुंध्याशी येऊन उभी राहिली. झाडतोड्या कमरेला दोर बांधत होता. करवत पायरीवर पडली होती. आणि तिचा नवरा घरात नवा फ्रिज येणार असल्यासारखा खुशीत, हात पाठीमागे बांधून उभा होता.

"अहो, अजून पंधरा दिवस थांबू या की. मोसम संपलेला नाही, मी वाचलंय."

"शब्द म्हणजे शब्द," नवरा म्हणाला. "थंडीत काय ठरलं होतं? या मोसमात फूल आलं नाही तर झाड काढायचं आणि इथे पुतण्याची गाडी लावायची. तूच हो म्हणालीस."

म्हणाली होती, खरं आहे. पण नऊ वर्षं एका झाडाची मनधरणी केल्यावर माणूस थकतो हो! थकल्या तोंडून गेलेला एक 'हो' हा माणूस हुंडीसारखा जपून ठेवील आणि ऐन वेळी वटवील, हे तिला कुठं माहीत होतं?

झाड होतं डॉगवुडचं, परदेशी फुलझाड. त्यातही पानं न गाळणारं, बारा महिने हिरवं. रोप आणलं तेव्हा पेन्सिलीएवढं होतं. घरात सगळे हसले. नावातच कुत्रं आहे, निदान राखण तरी करील, असं पुतण्या म्हणाला. धाकटीनं मनावर घेतलं नाही. घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात तिनं ते लावलं. त्याला चुन्याचं वावडं, म्हणून भिंतीला रंग देणाऱ्यांच्या बादल्यांवर ती दिवसभर पहारा देत बसली. नळाचं पाणी जड, म्हणून पन्हळीखाली पिंप ठेवून पावसाचं पाणी साठवलं. मुळं वरवर पसरतात, म्हणून बुंध्याभोवती कुजक्या पानांची गादी घातली आणि तिथे कुणाला पाय ठेवू दिला नाही. थंडीत पानं तांबूस पडली की येणारा-जाणारा म्हणे, "गेलं हो तुमचं झाड!" ती म्हणे, "तुमच्या तोंडात साखर पडो, पण ते कुठे जात नाही." आणि उन्हं तापली की पानं पुन्हा हिरवी होत.

फूल मात्र नाही. झाड वाढत वाढत वरच्या गॅलरीपर्यंत पोचलं, आणि एक फूल म्हणून नाही.

वरच्या मजल्यावर थोरली जाऊ, त्या पुतण्याची आई, राहायची. दोघींचा तीन वर्षं अबोला होता, आणि तोही या झाडापायीच. थोरलीनं गॅलरी धुतली आणि साबणाचं पाणी बादलीभर खाली ओतलं, थेट बुंध्यावर. पानं पिवळी पडली. धाकटीनं खालून जे तोंड सोडलं ते चार घरांनी ऐकलं. थोरलीही काही मूग गिळून बसणारी नव्हती. तेव्हापासून जिना वेगळा, वाट वेगळी. मधे ये-जा करायचा तो एकटा धाकटीचा नवरा. नात्यात त्याला सगळे 'समंजस' म्हणत. वरचं खाली सांगायचं नाही, खालचं वर न्यायचं नाही, दोन्हीकडे चहा प्यायचा. धाकटीला त्याचा अभिमानच होता, आता बोला!

उन्हाळा लागला की ती रोज सकाळी झाडाखाली उभी राहून मान मोडेपर्यंत वर बघे. नवराही शेजारी येऊन उभा राही. चष्मा पुसून नीट बघे आणि म्हणे, "काही नाही गं."

तर झाडतोड्या वर चढला. पानांत शिरला, दिसेनासा झाला. मग वरून आवाज आला.

"ताई, हे फुलांचं झाड तोडायचंय?"

"कसली फुलं?"

"अहो, वर नुसता पांढरा सडा आहे की! फांद्यांच्या वरच्या अंगाला. सगळी आभाळाकडे तोंड करून बसलीत, खालून कुठली दिसायला!"

धाकटी नवऱ्याकडे वळली. आनंदानं वळली होती, हे लक्षात ठेवा. पण नवरा वर बघतच नव्हता.

"असतील एक-दोन," तो घाईघाईनं म्हणाला. "तू काप रे. मजुरी ठरली आहे."

"कापायचं नाही!" धाकटी ओरडली. "फांदीला हात लावलात तर बघा!" आणि चपला न घालताच ती वरच्या जिन्याकडे धावली.

दार थोरलीनंच उघडलं. थोरलीच्या खांद्यावरून धाकटीला हॉल दिसला. मधल्या टेबलावर काचेची फुलदाणी, आणि तिच्यात मलईच्या रंगाची, चार-चार पाकळ्यांची टपोरी फुलं. फोटोत हजारदा पाहिलेली. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"माझी फुलं! माझ्या झाडाची फुलं चोरून फुलदाणीत घालता, जाऊबाई? लाज नाही वाटत?"

"चोरून?" थोरलीचा आवाजही चढला. "दोन वर्षं तुझ्या नवऱ्याजवळ निरोप देतेय, की भांडण गेलं चुलीत, ये आणि झाड बघून जा! तर म्हणे तू म्हणतेस, वर आलेली फुलं वरच्यांची, मला काय त्याचं. मग वाया कशाला घालवू? हाताला लागतात तेवढी उमलली की तोडून घेते."

"मी असं कधी म्हणाले?"

"नाही म्हणालीस?"

"मला निरोपच नाही मिळाला, जाऊबाई. फुलं येतात हेच मला ठाऊक नव्हतं."

थोरलीनं कपाळाला हात लावला. "अगं बाई! भाऊजी याच खुर्चीत बसतात. काल-परवाच बसले होते. फुलदाणी सरकवून कप ठेवला त्यांनी."

"आणि तुमच्या गाडीपायी..."

"गाडीला जागा कुणी मागितली? भाऊजीच म्हणाले पोराला, मी पट्टा मोकळा करून देतो, तू मला रोज ऑफिसला सोडत जा. बसच्या रांगेत उभं राहवत नाही म्हणे."

बसची रांग! धाकटीला वाटलं होतं काहीतरी मोठं कारण असेल. नऊ वर्षं पिंपातलं पाणी तांब्यातांब्यानं घातलं, ते बसच्या रांगेवरून ओवाळून टाकायचं होतं.

ती गॅलरीत गेली. खाली नवरा मान वर करून उभा होता.

"थंडीत अट कुणी घातली?" तिनं वरूनच विचारलं. "फूल आलं नाही तर तोडायचं, हे कुणी सुचवलं? तुम्हीच ना? फुलं येतात हे ठाऊक असताना?"

"हळू बोल, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! त्यांनाही कळू दे समंजस माणूस कसा असतो!"

"अगं, तू वर गेली असतीस तर पुन्हा दोघींचं वाजलं असतं. म्हटलं, कशाला वाद..."

"गप बसा! वाद नको म्हणून नव्हे, वाद मिटू नये म्हणून गप्प बसलात तुम्ही. मी वर गेले असते तर फुलं दिसली असती. आणि माझ्या शेजारी उभं राहून चष्मा कसला पुसत होतात हो? काय बघत होतात?"

नवऱ्यानं चष्मा काढला आणि पुन्हा पुसायला घेतला.

"साहेब, उतरू का?" पानांतून झाडतोड्यानं विचारलं.

"त्यांना काय विचारता?" थोरली कडाडली. "तिला विचारा, झाड तिचं आहे!"

"उतरा," धाकटी म्हणाली. "करवत उचला आणि घरी जा."

थोरलीनं खुर्ची आणून गॅलरीच्या कठड्याशी ठेवली आणि आत चहा टाकायला गेली. धाकटी बसली. समोर, अगदी हाताच्या अंतरावर, तिचं झाड वरच्या अंगानं पांढरं झालं होतं. फांदीफांदीवर फुलं ओळीनं बसली होती. तिनं हात लांबवून एकाला बोट लावलं. पाकळी मऊ लागेल असं तिला वाटलं होतं, पण ती जाड होती, पानासारखी. वाचलं होतं तसंच. या पाकळ्या नसतातच, रंग बदललेली पानं असतात. मधल्या हिरव्या गोळीत खरी फुलं, मोहरीएवढी. तिला इतका आनंद झाला की तिचे डोळेच भरून आले, आणि नऊ वर्षांच्या सवयीनं खाली वाकून ती म्हणाली, "अहो, बघा ना..."

आणि मग तिला आठवलं, की त्यानं पाहिली आहेत.