मशीनच्या पोटातलं रान

मित्रांनो, कपडे धुण्याच्या मशीनचं झाकण उघडलं की आत भोकाभोकांचा चकचकीत ड्रम दिसतो ना, तो मी. माझं मशीन कधीच भंगारात गेलं. मी मात्र अजून संगमनेरात, दीनाबाईंच्या मागच्या अंगणात तीन विटांवर ताठ बसलो आहे, आणि सध्या माझी ऐट काही विचारू नका. जन्मभर गरगर फिरलो, त्यामुळे सांगण्यासारखं पुष्कळ साठलं आहे. जरा टेकून ऐका.

कारखान्यात स्टीलचा पत्रा वाकवून मला घडवलं आणि अंगभर शेकडो भोकं पाडली. शेजारच्या रांगेत गुळगुळीत पातेली चालली होती. त्यांच्याकडे पाहून मला फार लाज वाटली. ज्याच्यात पाणीसुद्धा टिकत नाही ते कसलं भांडं, असं माझ्या मनाने घेतलं.

जोएलच्या लग्नात मी या घरी आलो. जोएल हा दीनाबाईंचा मुलगा, दूध संघात नोकरीला. पहिल्या दिवशी सारी आळी मला बघायला जमली होती. दीनाबाईंचा मात्र माझ्यावर विश्वास नव्हता. कॉलर आणि बाह्या त्या आधी दगडावर घासायच्या, मगच माझ्या हवाली करायच्या. पण निगा राखावी तर त्यांनीच. आमचं बोअरचं पाणी क्षारी. दर महिन्याला त्या गरम पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व टाकून मला रिकामाच फिरवायच्या, म्हणून माझ्यावर पांढरा थर कधी धरला नाही. धुणं झालं की झाकण तासभर उघडं ठेवायच्या, त्यामुळे कुबट वास नाही. बारा वर्षं मी रविवारच्या पांढऱ्या साड्या धुतल्या आणि जोएलचे दुधाने आंबलेले शर्टही धुतले.

तेराव्या वर्षी मशीनला कापरं भरलं. कपडे पिळायला घेतले की ते नाचत नाचत मोरीच्या दाराशी यायचं. दुरुस्तीवाला म्हणाला, याचे भाग आता मिळत नाहीत. झालं. आम्हाला मागच्या अंगणात काढलं, वर फाटकी ताडपत्री टाकली. कौतुक करणारी सारी आळी तेव्हा कुठे गेली होती कोण जाणे. पुढे भंगारवाला आला, तेव्हा दीनाबाईंनी वाकून मला आतून बाहेरून न्याहाळलं.

"बाकीचं न्या," त्या म्हणाल्या. "ह्ये पोट तेवढं ऱ्हाऊ द्या. पाण्याचा पाइप बी ठिवा."

जोएलला वाटलं, आईला वस्तू साठवायची खोड. पण दीनाबाईंच्या मनात वेगळंच होतं, आणि ते ऐकाल तर तुम्हालाही त्यांची बाजू पटेल.

त्यांच्या चर्चमध्ये नोव्हेंबरात कापणीचा सण असतो. ज्याने जे पिकवलं ते टोपलीत घालून डोक्यावर घ्यायचं आणि गाणी म्हणत वेदीपर्यंत जायचं. पुढच्या रांगेत पिकवणारे, मागच्या रांगेत बाजारातून आणणारे. दीनाबाई लग्न होऊन आल्यापासून पुढच्या रांगेत. मग त्यांचं रान नव्या रस्त्यात गेलं. दोन वर्षं त्या मागे उभ्या राहिल्या. गेल्या वर्षी मात्र राहवलं नाही. बाजारातली मेथी टोपलीत घालून त्या हळूच पुढे जाऊन उभ्या राहिल्या. रांग लावायचं काम प्रभुदास यांचं, आणि त्यांची नजर घारीची. जुडीला रबर तसंच होतं.

"दीनाबाई," ते सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्या रानात रबर बी पिकतं का?"

लोक हसले. दीनाबाई मागे सरकल्या आणि पुढे कित्येक महिने त्या सणाचं नाव त्यांनी काढलं नाही. आता त्यांना पुन्हा पुढच्या रांगेत उभं राहायचं होतं, स्वतः पिकवलेलं डोक्यावर घेऊन. रान नव्हतं. मी होतो.

रान जाताना त्यांनी दोन गोणी काळी माती तेवढी घरी आणून ठेवली होती. जूनमध्ये ती सगळी माझ्यात गच्च भरली आणि रताळ्याचा वेल लावला. शेतकऱ्याला काळ्या मातीचा केवढा अभिमान. पण मित्रांनो, माझा तर जीव घुसमटला. पाऊस पडला की चिखल, उघडीप झाली की दगड. माझी भोकं आतून लिंपली गेली. जुलैत वेल पिवळा पडला. उकरून पाहिलं तर खाली सुतळीसारखी मुळं.

शेजारच्या कलाबाई कुंपणापलीकडून बघत होत्या. त्यांनी वीस वर्षं रोपवाटिकेत काम केलेलं.

"माती लई गुनाची हाय, पर रानात," त्या म्हणाल्या. "भांड्यात कोंडली की तिची वीट व्हती. खत घाला, पाचट घाला, मोकळी करा तिला."

"ही माझ्या रानाची हाय, कलाबाई. तिच्यात दुसरं काय मिसळायचं न्हाई मला."

"मंग माती ठिवा पेटीत जपून, अन् रताळी आना बाजारातनं."

शब्द झोंबला. दोन दिवस दीनाबाई माझ्याकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, मला उपडं केलं आणि ढेकळं फोडायला बसल्या. फोडताना डोळ्यांतलं पाणी मातीत पडत होतं, ते मी पाहिलं. सणाला चार महिने उरले होते, आणि रताळ्याला चार महिनेच लागतात.

आता माझी भरणी कशी झाली ते ऐका, तुम्हाला उपयोगी पडेल. तळाशी फुटक्या कौलांचे तुकडे. आतून जुन्या सुती साडीचं अस्तर, म्हणजे माती भोकांतून सांडत नाही आणि वारा मात्र खेळतो. मग एक घमेलं काळी माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं उसाचं कुजकं पाचट आणि बांधकामातली उरलेली थोडी वाळू, असं सगळं कालवून. वरून दाबायचं नाही, त्यात रताळ्याच्या वेलाचे नवे तुकडे खोचायचे. पहिल्यांदा पाणी घातलं तेव्हा ते झरझर खाली उतरलं, आणि माझ्या एकूण एक भोकाने श्वास घेतला. पातेल्यात हेच रोप महिनाभरात कुजलं असतं. ज्या भोकांची मला लाज वाटायची त्यांच्यावर आता सगळी मदार होती.

मशीनचा पाइप मोरीच्या नळाला लागला. तांदूळ धुतलेलं पाणी माझ्या वाट्याला आलं. पानांवर किडे दिसले की दीनाबाई सकाळी चुलीची राख भुरभुरायच्या. वेल खाली लोंबून जमिनीत मुळं धरू लागला की कलाबाई ओरडायच्या, "उचला त्याला. जागोजागी पाय रोवले तर पोटात काय बी ऱ्हानार न्हाई." सणाआधी दहा दिवस पाणी तोडलं. वेल वरून हिरवागार होता. पण आत काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. खरं सांगतो, मलाही कळत नव्हतं.

सणाच्या सकाळी जोएल खुरपं घेऊन आला. दीनाबाईंनी ते खाली ठेवायला लावलं.

"हातगाडी आन. हा अस्साच न्यायचा."

"आई, आणि आत काही नसलं तर?"

"तर न्हाई. पर जे हाय ते सगळ्यांम्होरं निघंल. मला परत कुनी इचारायला नगं."

चर्चच्या आवारात मला उतरवलं. प्रभुदास लगेच पुढे आले. "दीनाबाई, धुणं घरी आवरलं न्हाई का?"

लोक हसलेच. दीनाबाई मात्र हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "तुमीच धरा एका बाजूनं," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातानं निघू द्या."

प्रभुदास आणि जोएल यांनी मला ताडपत्रीवर उपडं केलं. मधली माती भसकन खाली आली. माती, पाचट, दोन गांडुळं. बस. दीनाबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी माझ्या बुडावर तळहाताने थाप दिली. एक, दोन, तीन.

आणि अस्तरासकट रताळी सुटली. सगळी माझ्या कडेकडेने, भोकांना चिकटून, जिथे हवा मिळते तिथे वाढलेली होती. लालबुंद, टणक, मातीने माखलेली. एक तर तान्ह्या बाळाच्या मांडीएवढं. टोपली शिगोशीग भरली आणि तरी खाली राहिलीच. कलाबाई मुद्दाम बघायला आल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

प्रभुदास यांनी सर्वांत मोठं रताळं उचललं, आपल्या रुमालाने पुसलं आणि टोपलीत वरती ठेवलं. मग टोपली दोन्ही हातांनी उचलून दीनाबाईंच्या डोक्यावर दिली.

"पुढं व्हा," ते म्हणाले. "अगदी पयलं."

गाणं सुरू झालं. दीनाबाई सर्वांच्या पुढे चालत आत गेल्या, पाठ ताठ, टोपलीला एक हात. मी बाहेर आडवा पडून पाहत होतो. बारा वर्षांत माझ्या पोटातून किती गोष्टी उजळून निघाल्या असतील, पण अशी एकही नव्हती.

मित्रांनो, तुमच्याही घरामागे ताडपत्रीखाली कुणीतरी पडलं असेल. त्याला टाकण्याआधी जरा वाकून बघा. एका कामाला निकामी झालेलं दुसऱ्या कामाला नामी निघतं. आणि ठेवाल तर नीट ठेवा, नुसतं अडगळीत साठवलंत तर आमच्या जिवाला तेवढाच गंज.

दुपारी मी हातगाडीवरून घरी निघालो. एका बाजूने जोएल ढकलत होता, आणि दुसऱ्या बाजूने चक्क प्रभुदास. चढ संपल्यावर ते घसा खाकरून म्हणाले, "आमच्याकडं एक जुना कूलर पडलाय, दीनाबाई. त्याच्यात काय येईल व्हय?"

दीनाबाईंनी चालता चालता पदर खोचला.

"आदी माती दावा," त्या म्हणाल्या. "मंग सांगते."